दाणे सांडतात ते सौद्यात

ऑक्टोबर उजाडला की विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : "हार्वेस्टर घातलं की निम्मं सोयाबीन रानातच राहतं." दुसरे, पहिल्याइतक्याच ठामपणे दिलेले उत्तर : "यंत्र आहे बाबा, थोडं सांडायचंच." कृषी पुरवण्यांमधले लेखही बहुतेक यांपैकी एका वाक्याचा विस्तार असतात. एका बाजूला विळ्याच्या सोंगणीच्या आठवणी काढणारे, दुसऱ्या बाजूला यंत्र विकणारे. दोघे एकमेकांचे विरोधक भासतात, पण एका गोष्टीवर त्यांचे पूर्ण एकमत आहे : सांडणे हा यंत्राचा स्वभाव आहे. एकाला तो स्वभाव म्हणजे गुन्हा वाटतो, दुसऱ्याला नाइलाज. माझा वाद या एकमताशी आहे. यंत्राला स्वभाव नसतो. त्याला वेग असतो, उंची असते, फेरे असतात, फटी असतात आणि यांतली प्रत्येक गोष्ट माणूस ठरवतो. तो ती कशी ठरवतो, हे त्याला पैसे कशाचे मिळतात यावर अवलंबून असते. इतकी साधी गोष्ट दोन्ही बाजू बोलत नाहीत, कारण बोलली तर दोघांनाही काम करावे लागेल.

आधी 'निम्मं राहतं' हे वाक्य घेऊ. ते म्हणणाऱ्याने दाणे मोजलेले नसतात, पाहिलेले असतात. आणि हार्वेस्टरच्या मागे पाहण्यात मोठी फसगत आहे. साधारण यंत्राचा कटरबार, म्हणजे कापणारे पाते, चौदा फुटांचा. चौदा फूट रुंदीतले पीक आत जाते आणि त्याचे कुटार मागून चार-पाच फुटांच्या पट्ट्यात पडते. चाळणीवरून निसटलेला दाणाही त्याच पट्ट्यात येतो. त्या पट्ट्यात उभे राहिले की दाणे तिप्पट दिसतात आणि माणूस कपाळावर हात मारतो. बाजूच्या दहा फुटांत उभे राहिले तर यंत्राने सोन्यासारखे काम केले असे वाटते. तिथेही फसगतच, कारण समोरच्या रीलने फोडलेल्या शेंगांचे दाणे ढेकळांच्या फटीत आणि पाल्याखाली गेलेले असतात. उभ्या उभ्या नजर टाकून दिलेला निकाल त्यामुळे दोन्ही दिशांनी खोटा ठरतो.

आता विळ्याची सोंगणी. तिच्यात दाणा सांडत नाही, असे मानायची पद्धत आहे. सोंगलेले सोयाबीन रानात ओळींनी वाळत पडते, उन्हाने शेंगा तडकतात. मग पेंढ्या उचलायच्या, त्या उचलताना तडकतात. मग गंजी लागते. गंजीवर ताडपत्री असते किंवा नसते. मग हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, येईपर्यंत थांबायचे. या प्रत्येक टप्प्यावर दाणा गळतो, फक्त तो एका जागी गळत नसल्याने कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आणि हे सगळे पाऊस न आल्यास. २०१९ च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला तेव्हा सोंगून पडलेल्या सोयाबीनला रानातच कोंब फुटले, गंज्या आतून काळ्या पडल्या. पुढच्याच महिन्यात राज्यात राष्ट्रपती राजवट आली आणि राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी ८,००० रुपयांची मदत जाहीर केली, तीही दोन हेक्टरच्या मर्यादेत. सोंगणीपासून मळणीपर्यंतचे दिवस जितके लांबतात तितके पीक उघड्यावर राहते. हार्वेस्टर हे सारे एका फेरीत उरकतो. त्यामुळे त्याच्या सांडण्याची तुलना करायची ती सोंगणी, वाळवणी, गंजी आणि हडंबा या सगळ्यांच्या बेरजेशी. ती बेरीज कुणी करत नाही आणि तरीही निकाल मात्र सगळ्यांकडे तयार असतो.

शिवाय सोंगायला माणसे कुठे आहेत? सोंगणी बहुतेक बायाच करतात. कमरेत वाकून, टोचणाऱ्या धसकटांत, दिवसाला ठरलेली मजुरी किंवा बियाण्याच्या बॅगेमागे ठरलेला गुत्ता. सगळ्या गावाचे सोयाबीन एकाच आठवड्यात पिवळे पडते आणि एकाच आठवड्यात मजुरीचे दर चढतात. ते चढावेत, त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. पण 'पूर्वी कशी सगळे मिळून सोंगणी व्हायची' हा उमाळा ज्यांची कंबर कधी वाकली नाही त्यांनाच परवडतो.

तर पहिली बाजू संपली असे म्हणून दुसरीने टाळ्या वाजवायचे कारण नाही. 'थोडं सांडायचंच' हे वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त घातक वाटते. पहिल्यात निदान संताप आहे, दुसऱ्यात फक्त आळस. थोडं म्हणजे किती? सोयाबीनच्या आपल्याकडच्या वाणांत शंभर दाण्यांचे वजन साधारण ११ ग्रॅम धरता येते. एका चौरस मीटरमध्ये १०० दाणे पडलेले असतील तर ते झाले ११ ग्रॅम. एकरात ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकरी साडेचव्वेचाळीस किलो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावाने हे साडेचव्वेचाळीस किलो म्हणजे सुमारे २,३७० रुपये. गावोगाव हार्वेस्टरचे एकरी भाडे असते त्याच्या आसपासचा हा आकडा. म्हणजे चौरस मीटरला शंभर दाणे ठेवून जाणाऱ्या यंत्राला शेतकरी दोनदा भाडे देतो : एकदा रोख, एकदा रानात. आणि एका चौरस मीटरमधले शंभर दाणे डोळ्याला काहीच वाटत नाहीत, त्यांनी एक मूठही नीट भरत नाही. बाजारात भाव अनेकदा हमीभावाच्या खाली असतो हे मला ठाऊक आहे, तेवढी रक्कम कमी करून घ्या. हिशेबाचा रोख बदलत नाही.

हे शंभर दाणे नेमके कुठे सांडतात? इथे बहुतेकांची समजूत उलटी आहे. लोक यंत्राच्या मागे बघतात आणि सोयाबीनचे बहुतांश नुकसान समोर होते. पीक यंत्रात शिरण्याआधीच. गव्हात तसे नसते. गव्हाची ओंबी वर असते, दाणा घट्ट असतो, त्यामुळे तिथे मळणीच्या ड्रमकडे आणि चाळण्यांकडे लक्ष द्यावे लागते. सोयाबीनची शेंग जमिनीपासून चार बोटांवर सुरू होते आणि वाळली की नुसत्या धक्क्याने तडकते. आपल्याकडे फिरणारी बहुतेक यंत्रे गहू-भातासाठी घडलेली, ताठ कटरबारची. जमिनीच्या चढउताराबरोबर वरखाली होणारा लवचीक कटरबार सोयाबीनसाठी इतर देशांत सर्रास वापरला जातो. आपल्याकडे तो क्वचित दिसतो. म्हणजे पाते जमिनीला किती लगटून चालवायचे हे चालकाच्या हातावर आणि हिमतीवर. पाते दोन इंच वर राहिले की बुडाच्या शेंगा धसकटालाच राहतात. रान कापून झाल्यावर धसकटाला लोंबणाऱ्या शेंगा दिसल्या तर त्याचा दोष चाळणीला देऊन काय होणार?

मग रील. उभ्या पिकाला हळूच आत ओढून घेणे एवढेच त्याचे काम. त्याच्या फळ्यांचा वेग यंत्राच्या चालीपेक्षा थोडा जास्त हवा, दहा ते पंचवीस टक्क्यांनी. त्याहून जास्त झाला तर रील पिकाला झोडपतो आणि शेंगा तिथेच फुटतात. चालीपेक्षा कमी झाला तर पीक पुढे ढकलले जाते, कापलेली फांदी आत न येता पुढेच पडते. म्हणजे रीलचा असा एकच योग्य वेग नसतो, तो चालीच्या मागे ठरतो. चालकाने चाल वाढवली की रीलचा हिशेब बिघडला. कित्येक जुन्या यंत्रांत तो वेग बसल्या जागेवरून बदलता येत नाही, खाली उतरून पुलीशी झटापट करावी लागते. घाईच्या दिवसांत कोण उतरतो?

चालीचेच बोलायचे तर सोयाबीनमध्ये ताशी चार, फार तर पाच किलोमीटर एवढी बेताची हवी. ड्रमचा वेगही गव्हापेक्षा बराच कमी हवा. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ, गव्हाच्या फेऱ्यांवर चालवले की दाण्याची डाळ होते. फुटलेला दाणा बाजारात मातीमोल होतोच, पण न फुटलेल्याही दाण्याला आतून मुका मार बसलेला असतो. तोच दाणा पुढच्या जूनमध्ये घरचे बियाणे म्हणून पेरला की उगवण दिसत नाही आणि मग दोष बियाण्याला. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे. ड्रम बेफाम फिरवला तर चांगल्या रानाचे बियाणेही त्या रेषेखाली जाते.

चाळणी आणि पंख्याची गोष्ट तर मला विशेष मजेशीर वाटते. शेतकरी कुठे बघतो? टाकीत. टाकीतला माल स्वच्छ, काडीकचरा नाही, की तो चालकाची पाठ थोपटतो. चालकाला हे पक्के ठाऊक. तो पंखा वाढवतो, चाळणी आवळतो. टाकी चकचकीत होते आणि हलका दाणा भुशाबरोबर मागे उडून जातो. म्हणजे टाकीतला माल फारच स्वच्छ दिसला तर आनंदाने मान डोलावण्याआधी मागचे कुटार हातात घेऊन चाळून बघावे. काही काड्या टाकीत आलेल्या चालतील, त्या घरी उपणता येतात. रानात उडालेला दाणा उपणून परत येत नाही.

वेळेचेही असेच. शेंगा वाळून पार ठणठणीत झाल्या, दाण्यातली ओल अकरा टक्क्यांच्या खाली गेली की नुसत्या रीलच्या स्पर्शाने शेंगा उघडतात. तेरा ते पंधरा टक्के ओल असताना काढले तर गळ कमी. भर दुपारी दोन वाजता जे रान फटाफट तडकते तेच सकाळी दव उतरल्यावर थोडे नरम असते. फार ओले असेल तर शेंगा ड्रममधून न फुटता मागे जातात, हेही खरे. म्हणजे दिवसातले काही तास चांगले, काही वाईट. पण यंत्र गावात आले की ते पाळीने चालते. तुमच्या रानाची पाळी दुपारी दोनला आली तर दोनलाच.

या सगळ्यात असे काय आहे जे चालकाला ठाऊक नाही? काहीही नाही. पंजाब-हरियाणातून आलेला, लहानपणापासून गव्हाच्या रानात यंत्रावर बसलेला चालक हे सगळे माझ्यापेक्षा दसपट जाणतो. यंत्राचा आवाज बदलला की ड्रम गच्च झाला हे तो कानाने ओळखतो. त्याला प्रशिक्षणाची गरज आहे असे शिबिरे भरवणाऱ्यांना वाटते, मला वाटत नाही. त्याला पैसे एकरावर मिळतात. एवढा खुलासा पुरेसा आहे.

हिशेब बघा. चौदा फुटी यंत्र ताशी चार किलोमीटरने चालवले तर वळणे, टाकी रिकामी करणे, अडथळे धरून तासाला तीनेक एकर निघते. तेच सहा किलोमीटरने चालवले तर चार-साडेचार. एकरी दोन हजार धरले तरी मालकाला तासाला अडीच-तीन हजार जास्त. हंगाम पंधरा-वीस दिवसांचा. यंत्रावर बँकेचे हप्ते, मध्ये एजंटाचे कमिशन, डिझेल, चालकाची टोळी घरापासून हजार-दीड हजार किलोमीटर लांब. पाते खाली घेतले आणि दगड लागून तुटले तर तासभर यंत्र उभे आणि खर्च मालकाच्या माथी. पाते वर ठेवले आणि शेंगा राहिल्या तर खर्च शेतकऱ्याच्या माथी. अशा सौद्यात पाते वर आणि वेग जास्त राहणार नाही तर काय होणार? चालकाला बेइमान म्हणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे. चोर एकरी दर आहे.

याचा पुरावा शोधायला परदेशात जायला नको, तो आपल्याच खळ्यात उभा आहे. हडंब्याचा दर कशावर असतो? पोत्यावर, नाहीतर क्विंटलवर. म्हणून हडंबेवाला कुटारात दाणा जातोय का हे स्वतः बघतो. त्याचे पैसे दाणा पोत्यात पडण्याशी बांधलेले आहेत. तोच शेतकरी, तेच पीक, तोच ऑक्टोबर. एका यंत्राशी सौदा पोत्याचा, दुसऱ्याशी एकराचा. आणि मग आपण विचारतो की हार्वेस्टर का सांडतो.

उसात तर याहून गमतीदार न्याय आहे. यंत्राने तोडलेल्या उसात पाचट जास्त येते म्हणून कारखाना वजनातून ठराविक टक्के कापून घेतो. म्हणजे यंत्राच्या कामातली कसूर टक्केवारीत मोजता येते, तिची कपात करता येते आणि ती वर्षानुवर्षे चालवता येते, हे महाराष्ट्राने सिद्ध केलेले आहे. फक्त तिथे कापून घेणारा कारखाना आहे आणि ज्याचे कापले जाते तो शेतकरी. सोयाबीनमध्ये कापून घेण्याचा हक्क शेतकऱ्याचा असायला हवा, तर तिथे मात्र 'थोडं सांडायचंच'.

मग पोत्यावर दर ठरवा, असे लगेच कुणी म्हणेल. ते मी म्हणत नाही. पोत्यावर दर ठेवला तर हलक्या रानात, जिथे एकरी तीन-चार क्विंटलच यायचे, तिथे यंत्र फिरकणारच नाही. तासावर दर ठेवण्याची पद्धत तमिळनाडूच्या भातपट्ट्यात आहे. तिथे घाई संपते, पण रेंगाळणे सुरू होते आणि लहान रानांत वळणावळणांत तासच्या तास निघून जातात. कुठलाच दर निर्मळ नसतो. एकरी दर ठेवावा, पण त्याला मोजणीची शेपटी लावावी : ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त दाणे पडले तर एकरी इतके कमी, कमी पडले तर इतके जास्त. जास्तीचा भाग विसरू नका. नुसत्या दंडाने कुणी हळू चालत नाही. हळू चालल्याने बुडालेले पैसे भरून निघायला हवेत. एकरी दोनशे-तीनशे रुपये वाढवून वीस किलो सोयाबीन वाचत असेल, तर हे गणित दुसरीतल्या मुलालाही येते.

मोजायचे कसे, हा प्रश्न लोक असा विचारतात जणू प्रयोगशाळा लागणार आहे. चौदा फुटी पट्ट्याच्या पूर्ण रुंदीत नऊ इंचांची पट्टी आखली की ती जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर भरते. एक सुतळी आणि चार खुंट्या. पूर्ण रुंदीत आखायची म्हणजे मधल्या कुटाराच्या पट्ट्याची फसगत टळते. यंत्र रानाच्या मध्ये, चांगल्या चालीवर असताना थांबवायचे आणि त्याच्या लांबीइतके मागे घ्यायला सांगायचे. तीन ठिकाणी सुतळी टाकायची. उभ्या पिकात पडलेले दाणे हे यंत्राचे नव्हेत, ते पिकाने आधीच टाकलेले. उभे पीक आणि कुटार यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीतले त्यापेक्षा जे जास्त, ते पात्याचे आणि रीलचे. मागच्या कुटाराखालचे त्याहून जे जास्त, ते ड्रम-चाळणीचे. धसकटाला राहिलेल्या शेंगाही फोडून मोजायच्या. पंधरा मिनिटांचे काम. आणि कुठे जास्त निघाले यावरून काय बदलायचे ते चालक स्वतःच सांगतो, कारण आता त्याच्याही पैशाचा प्रश्न असतो.

'मोजायला लागलो तर हार्वेस्टरवाला आमच्या रानात येणारच नाही.' हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका करत नाही. आभाळ भरून आले असताना, सगळे गाव एका यंत्राच्या मागे धावत असताना, दोन एकरवाल्याची अट कोण ऐकतो? २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी धारणा १.३४ हेक्टर. एवढ्या तुकड्याच्या मालकाने एकट्याने सौदा करायला जाणे म्हणजे हरायलाच जाणे. पण हंगामाआधी, सप्टेंबरात, एका शिवारातल्या शंभर-दीडशे एकरांची यादी घेऊन गटाने बोलणी केली तर? एजंटालाही तेच हवे असते : एका जागी सलग काम, रिकामे फिरणे नाही. राज्यात शेतकरी उत्पादक कंपन्या हजारोंनी नोंदल्या गेल्या. खत-बियाण्याच्या दुकानापलीकडे त्यांनी काय करायचे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. हे करायचे.

यंत्र विकणाऱ्यांचे उत्तर वेगळे : नवे मॉडेल घ्या, त्यात सांडणे दाखवणारा सेन्सर आहे. सेन्सर चाळणीच्या मागे बसतो, तिथून जाणाऱ्या दाण्यांच्या टकटकीवर आकडा दाखवतो. रीलने समोर फोडलेल्या शेंगेची त्याला खबर नसते. आणि सोयाबीनचे बहुतेक नुकसान तर तिथेच. शिवाय तो आकडा खरा किती याची पारख शेवटी जमिनीवरचे दाणे मोजूनच करावी लागते. सुतळीला पर्याय नाही तो नाहीच.

आणि एक भावुक उत्तर आहे, त्याचाही हिशेब व्हायला हवा : सांडलेले वाया जात नाही, पाखरे खातात, गोरगरीब सरवा वेचतात. विळ्याच्या काळात सरवा होता, कारण रानात अख्ख्या शेंगा, अख्खी कणसे राहायची. ती वेचून पदरात घेता यायची. हार्वेस्टर सुटा दाणा टाकतो, तोही ढेकळांत आणि कुटाराखाली. तो कोण वेचणार? पाखरे थोडे खातात. बाकीचे ओल असली की आठ दिवसांत उगवते आणि मागे हरभरा पेरला असेल तर त्यात सोयाबीनचे तण म्हणून उभे राहते. ते खुरपायचे पैसे वेगळे.

शेतकऱ्याच्या वाट्याचेही बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी खुशामत होईल. ज्या रानात डोक्याएवढे धोंडे आहेत तिथे चालक पाते वर धरणारच, बोनस दिला तरी. ज्या रानात गुडघाभर हिरवे तण आहे तिथे चाळण्या गच्च होणारच. रुंद वरंबा-सरीवर पेरले असेल तर यंत्र वरंब्यांच्या दिशेनेच चालले पाहिजे. आडवे घातले की पाते कधी हवेत, कधी मातीत. वाणाचेही तसेच. परभणीच्या विद्यापीठाचा एमएयूएस १६२ हा सोयाबीनचा आणि राहुरीचा फुले विक्रम हा हरभऱ्याचा वाण यंत्राने काढायला सोयीचे म्हणून शिफारशीत आहेत. घाटे-शेंगा वर धरणारे, ताठ उभे राहणारे. हरभऱ्याचा बुटका पसरट वाण पेरायचा आणि मार्चमध्ये हार्वेस्टरला शिव्या द्यायच्या, हे न्यायाचे नाही.

सरकार या सगळ्यात कुठे आहे? मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची कृषी यंत्रांची प्रशिक्षण आणि चाचणी संस्था १९५५ पासून आहे. तिथे कंबाईन हार्वेस्टर तपासले जातात, त्यांच्या नुकसानीची टक्केवारी मोजली जाते. पण चाचणी नव्या यंत्राच्या नमुन्याची होते, निवडलेल्या रानात, चाचणी घेणाऱ्यांच्या नजरेखाली. दहा हंगाम घासलेले यंत्र हिंगोलीच्या चढउताराच्या रानात काय करते, हे तपासायला कुणी जात नाही. आणि यंत्रावर काही सक्ती करता येत नाही असेही नाही. पंजाबने २०१८ मध्ये भात कापणाऱ्या कंबाईनना पेंढा बारीक करून पसरणारे सुपर एसएमएस हे जोडयंत्र सक्तीचे केले, कारण पेंढा जाळल्याचा धूर दिल्लीपर्यंत जात होता. धुराने दिल्लीचे डोळे चुरचुरले म्हणून नियम झाला. सांडलेल्या दाण्याने फक्त शेतकऱ्याचे चुरचुरतात.

त्याहून वाईट म्हणजे हे नुकसान सरकारी आकड्यांत दिसतच नाही. पिकाचे सरासरी उत्पन्न ठरते पीक कापणी प्रयोगांवरून. ठराविक मापाचा तुकडा आखून, त्यातले पीक हाताने जपून कापून, मळून, तोलले जाते. त्यात रील नाही, पाते नाही, चाळणी नाही. म्हणजे गावातले बहुतेक सोयाबीन हार्वेस्टरने निघत असले तरी कागदावरचे उत्पन्न विळ्याचे असते. याच प्रयोगांवर पीकविम्याच्या भरपाईची बरीचशी भिस्त. यंत्रात एकरी चाळीस किलो गमावलेल्या शेतकऱ्याला कागद सांगतो की तुझे उत्पन्न विम्याच्या उंबरठ्याच्या वर आहे. कृषी खात्याला खरोखर काही करायचे असेल तर ज्या गटावर कापणी प्रयोग होतो त्याच गटावर, हार्वेस्टर फिरल्यानंतर, चार खुंट्या आणि सुतळी टाकून दाणे मोजावेत आणि तो आकडा प्रयोगाच्या नमुन्यात एका रकान्यात भरावा. यासाठी वेगळी योजना नको, अनुदान नको, उद्घाटन तर मुळीच नको.

शेतकऱ्यांच्या गटाने सौदा करताना कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : एकरी दर, चालीची कमाल मर्यादा, चौरस मीटरला किती दाण्यांपर्यंत पूर्ण पैसे, आणि त्याच्या वर-खाली किती कपात, किती बक्षिसी. माझ्या मते सुरुवातीला मर्यादा चाळीस दाण्यांची ठेवावी. ते एकरी सुमारे अठरा किलो होतात. पहिल्या एकरानंतर मोजणी, चालकाच्या समोर, आणि त्याला यंत्र जुळवायला अर्धा तास मोकळा. आभाळ आले असेल तर मर्यादा सैल करायची मुभाही लिहून ठेवावी, कारण भिजलेल्या गंजीपेक्षा सांडलेले वीस किलो बरे. सप्टेंबर संपण्याआधी हे झाले पाहिजे. एकदा यंत्र गावात शिरले की दर एजंट ठरवतो.